ढवळल्याशिवाय मोजायचं नाही

गेल्या सोमवारी सकाळी घोडेगावच्या आमच्या दूध संस्थेत नवा सर्व्हर सुरू झाला आणि त्याच दुपारी माझ्या थोरल्या मेहुण्यांनी सर्व्हरच्या खोलीचं काम सोडलं. पहिल्या आकड्यावर विश्वास न ठेवणारा एवढा कट्टर माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत दुसरा नाही. पहिल्या भाकरीवरून ते कधी मत देत नाहीत. तवा तापलेला नसतो. मोटारसायकल घेताना मागे बायको आणि पुढे टाकीवर कांद्याची गोणी घेऊन त्यांनी आणे घाट चढून पाहिला. पेठेत एक चक्कर मारली असती तर भागलं नसतं का, असं मी विचारलं. "रिकामी कुठलीबी पळती, पावणं," ते म्हणाले.

सकाळी सगळ्या केंद्रांवर एकदम दूध येतं आणि प्रत्येक किटलीची नोंद सर्व्हरच्या डिस्कवर लिहिली जाते. जुनी डिस्क नेमकी तेव्हाच अडायची आणि रांगेतलं दूध उन्हात तापायचं. म्हणून नवा सर्व्हर मागवला. विक्रेत्याच्या माणसाने एक छोटी फाइल लिहून वेग दाखवला तेव्हा चेअरमन खूश झाले. मेहुणे झाले नाहीत. एवढीशी फाइल मेमरीतच मावते, डिस्कला हातही लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. फॅट तपासायचं दूध आमच्याकडे आधी ढवळतात. "तुमी वरची साय मोजली," ते त्या माणसाला म्हणाले. "ढवळा, मग बोला." मग मेमरीत मावणार नाही एवढी फाइल घेऊन, सकाळच्यासारख्या बारीक नोंदी चहूबाजूंनी एकदम लिहून त्यांनी स्वतः मोजणी केली. वेग कोसळला. सर्व्हर नापास झाला.

चेअरमन वैतागले. "भाऊ, परत पाठवतो. पण तुमचं मोजणं चुकलेलं निघालं, तर ही खोली पुण्याच्या कंपनीकडं जाईल." मेहुण्यांनी लगेच कबूल केलं आणि चुकलं तर मीच येऊन सांगेन, असंही वर ऐकवलं.

सर्व्हर खोक्यात भरण्याआधी त्यांनी सवयीने पुन्हा मोजलं. वेग उत्तम आला. पुन्हा मोजलं, तरी उत्तमच. पहिल्या मोजणीच्या वेळी जुन्या नोंदी नव्या डिस्कवर उतरवण्याचं काम मागे चालू राहिलं होतं, त्यानेच वेग खाल्ला होता आणि ते त्यांनीच लावलेलं होतं. हे दुसऱ्या कोणालाही कळलं नसतं. ते सरळ चेअरमनच्या केबिनमध्ये गेले.

"डिस्क चांगलीये. मोजणारा चुकला."

चेअरमन म्हणाले की आपण रागात बोललो होतो, ते मनावर घेऊ नका. एवढी वर्षं सांभाळलेली खोली कोण सोडतं, असंही ते म्हणाले.

"चूक त्या सर्व्हर विकणाऱ्या पोराची असती, तर मी सोडलं असतं का त्याला, चेअरमन?"

सोमवारी सर्व्हर सुरू करून दिल्यावर मेहुण्यांनी खोलीची किल्ली चेअरमनच्या टेबलावर ठेवली.

आज सकाळी डिंभ्याच्या केंद्रावर मेहुणे घरच्या म्हशीचं दूध घेऊन रांगेत उभे होते. मी त्यांच्या मागे होतो. नोंद झाली, पावती लगेच निघाली. ती खिशात घालून ते बाजूला झाले आणि रांग पुढे सरकली.