पुढच्या पाळीचा माणूस

वर्कशॉपमध्ये त्याला सगळे ‘खांब’ म्हणत. अंगाने तो मुळीच खांबासारखा नव्हता. चांगला किडकिडीत, वारा आला तर धरून ठेवावा असा. पण एकदा लेथ मशीनसमोर उभा राहिला की हलायचा नाही, म्हणून खांब. असल्या नावात लोकांचीही एक सोय असते. खांबाला कुणी विचारत नाही, ‘बाबा रे, दमलास का?’

त्या वर्कशॉपचा एक शिरस्ता होता. पुढच्या पाळीचा माणूस समोर येऊन उभा राहिल्याशिवाय आपलं मशीन सोडायचं नाही. भोंगा वाजून गेलेला असो, पोटात कावळे ओरडत असोत, पुढचा माणूस यायचा, त्याला ‘आज जरा कुरकुरतंय, घाई करू नकोस’ असं तोंडाने सांगायचं, आणि मगच हात पुसायचे. मशिनं जुनी आणि हट्टी होती, कामगारांनी एकमेकांना सांगितलं तरच चालायची. याच शिरस्त्याचं एक शेपूट होतं. पुढचा माणूस उशिरा आला तरी ‘का रे, होतास कुठे?’ असं सोबत्याने विचारायचं नाही. ते फोरमनचं काम. सोबत्याने नुसतं उभं राहायचं.

खांबाने हा शिरस्ता घरीही नेला. त्याच्या आयुष्याचं जे काही वाटोळं झालं, ते तिथे झालं असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच्याच मशीनवर दुसऱ्या पाळीला त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता. धाकटा देखणा, बोलघेवडा आणि नेमाने उशिरा येणारा. तो हसत हसत शिरायचा, खांब मशीनबद्दल दोन शब्द सांगायचा आणि घरी जायचा. हात मात्र दोघांचेही सोन्याचे. म्हणून परदेशातल्या एका कारखान्याचा माणूस लेथ चालवणारे टर्नर निवडायला आला तेव्हा त्याने दोघांनाही पसंत केलं. त्याच महिन्यात वडिलांना अर्धांगाचा झटका आला. दोघांनी एकदम जाणं शक्य नव्हतं, तेव्हा वडिलांच्या खाटेपाशी, आईसमोर, बोलणं झालं. एकाने तीन वर्षं जायचं, परत यायचं, घर सांभाळायचं, मग दुसऱ्याने जायचं.

“आधी तू जा,” खांब धाकट्याला म्हणाला. “तू इथे राहिलास तर बाबांना सकाळचं पाणी संध्याकाळी मिळेल.”

सगळे हसले. वडीलसुद्धा अर्ध्या तोंडाने हसले. धाकटा गेला.

खांब वाट बघू लागला. नुसती नाही, तयारीने. वर्कशॉपच्या हिशेबनिसाकडून त्याने तिकडची भाषा शिकायला घेतली आणि लेथवर उभा राहून तो ती पुटपुटायचा, त्यामुळे नव्या पोरांना वाटायचं की हा मशीनशी बोलतो. लग्नाची स्थळं आली, ती त्याने परतवली. जायचंच आहे, मग एका मुलीला आजारी सासऱ्यापाशी कशाला अडकवून ठेवायचं, असं त्याचं म्हणणं. वडिलांना आंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं, हे सगळं तो करायचा आणि तेही कपाळाला आठी न घालता. तिसरं वर्ष संपलं. चौथंही गेलं. धाकट्याने तिकडेच लग्न केलं. वडील गेले, तेव्हा तो येऊन आठवडाभर राहिला, खूप रडला आणि परत गेला. पाळीचा विषय कुणीच काढला नाही.

खांबाच्या मनात होतं विचारायचं. पण आई म्हणाली, “त्याला काही विचारू नकोस. तिकडे त्याचंच बस्तान अजून बसलेलं नाही, उगाच ओशाळेल.” खांबाला ते पटलं. उशिरा येणाऱ्याला सोबत्याने विचारायचं नसतं. दर रविवारी फोनवर दोघे भाऊ हवापाण्याच्या गप्पा मारत राहिले. आईचे गुडघे गेले, तिला उठवण्या-बसवण्याचं काम आलं. केस पांढरे झाले. भिजत घोंगडं एवढी वर्षं भिजलं की त्याला वास यायचाही थांबला. मनातल्या मनात मात्र खांबाने धाकट्याला शब्द मोडणारा ठरवून टाकलं होतं, आणि मग आपणच मोठ्या मनाने माफही करून टाकलं होतं. त्या माफीवर त्याचं बरं चाललं होतं.

यंदा वर्कशॉपची नवी शेड उघडायची होती. मालकांनी प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं धाकट्याला. तो आता तिकडे मोठा मॅनेजर होता, ‘आपल्या मशीनवर घडलेला मुलगा’ होता. त्या मशीनवर जन्म काढलेला खांब तिसऱ्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर. त्याला याचं वाईट वाटलं नाही. इस्त्रीचा शर्ट घालून, आईला शेजारणीवर सोपवून, तो भावाचं भाषण ऐकायला आला होता.

धाकटा छान बोलला. जुन्या फोरमनच्या नकला केल्या, लोकांना हसवलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “माझा दादा इथे बसलाय. मी याच्यासाठी तिकडे, माझ्याच कारखान्यात, जागा ठरवली होती. म्हटलं, आता तू ये, मी घरी परततो. पण याने सांगितलं, मला माझी माणसं सोडवत नाहीत. मित्रांनो, जायला काय, विमान लागतं. राहायला छाती लागते!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मालकांनी वळून पाहिलं. शेजारच्या वेल्डरने डोळे पुसत खांबाची पाठ थोपटली. भर सभेत त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं आणि तो मात्र गार पडला होता. हे वाक्य त्याने जन्मात कधी उच्चारलं नव्हतं. जागा ठरली होती, हेही तो आत्ता पहिल्यांदा ऐकत होता.

चहा-बिस्किटांना न थांबता तो घरी आला. मागोमाग धाकटाही आला, जरा खुशीतच. आई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. शेजारीण निघून गेल्यावर खांबाने धाकट्याला विचारलं.

“मी कधी म्हणालो, मला सोडवत नाही म्हणून?”

“म्हणजे काय? तूच निरोप दिलास की.”

“कुणाजवळ?”

धाकट्याने आईकडे पाहिलं. खांबानेही पाहिलं. आईने पदर नीट केला. तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचं काहीच नव्हतं. फार दिवस अंगावर काढलेलं दुखणं अखेर डॉक्टरला सांगावं, तसा तिचा आवाज होता.

“मी सांगितलं. तीन वर्षं भरली तेव्हा, तू पाळीवर असताना याचा फोन आला. म्हणाला, दादाला पाठव, मी येतो. मी म्हटलं, त्याला नाही यायचं. आणि पुन्हा त्याच्याकडे विषय काढू नकोस, त्याला लाज वाटते.”

“का, आई?”

“तुझे बाबा खाटेवर होते. हा आला असता, तर त्यांची कूस कुणी बदलली असती? याला मी ओळखते ना, मीच जन्म दिलाय. दोघांतला एक माझ्याजवळ राहणार होता. मला तू हवा होतास.” मग ती म्हणाली, “तू चांगला होतास म्हणून तुला ठेवून घेतलं रे.”

खांबाला खाली बसावंसं वाटलं, पण तो बसला नाही. तो जर वाईट असता, उर्मट असता, बापाला तहानलेला ठेवणारा असता, तर आज त्यालाही बायको-मुलं असती, परदेशातला एखादा लेथ असता, तोही रविवारी घरी फोन करत असता. त्याच्या चांगुलपणाने त्याचा केसाने गळा कापला होता आणि केस ओढणारा हात आईचा होता. त्याला रडू आलं नाही. राग आला, आणि एवढी वर्षं न आल्यामुळे तो कसा करायचा हेच त्याला कळेना.

धाकटा घाईघाईने म्हणाला, “बघ दादा, म्हणजे माझी काही चूक नाही. मी तर कबूल केल्याप्रमाणे फोन केला होता.”

“दर रविवारी बोलत होतास माझ्याशी. एकदाही विचारलं नाहीस?”

“आई म्हणाली होती ना, विचारू नकोस.”

“आईचं एवढं तू कधीपासून ऐकायला लागलास?”

भाषणात फडाफडा बोलणारा माणूस खिडकीच्या गजाशी खेळू लागला.

“तुला कळलं होतं,” खांब म्हणाला.

मग खिडकीकडे तोंड करूनच धाकटा बोलला. “आई बोलताना अडखळली होती. तुझं बोलणं तसं नसतं, हेही कळलं होतं. पण तेव्हा तिकडे… मला यायचं नव्हतं, दादा. सुंठीवाचून खोकला जात होता. मी जाऊ दिला.”

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. आई आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवत बसली होती. मग तिने सवयीने खांबाकडे हात पुढे केला. “मला आत ने. कंबर भरून आली.”

खांबाने तिला काखेत हात घालून उठवलं, हळूहळू आत नेलं, खाटेवर निजवलं, पायांखाली उशी सरकवली. हात आपोआप चालत होते. ती म्हणाली, “रागावलास?”

“हो,” तो म्हणाला.

तिला वाटलं होतं तो ‘नाही’ म्हणेल. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे कूस वळवली. ती तिने स्वतःच वळवली, कण्हत कण्हत. खांबाने मदत केली नाही.

तो बाहेर आला तेव्हा धाकट्याने चेहरा धुऊन घेतला होता आणि त्या चेहऱ्यावर पुन्हा जुनं हसू आणायची खटपट चालली होती.

“दादा, झालं ते झालं. तू असं कर, आता चल माझ्याकडे. महिना-दोन महिने राहा, सगळा देश दाखवतो. तो कारखानाही दाखवतो.”

“आणि आईला कोण बघणार?”

“त्यात काय एवढं? एखादी बाई ठेवू.”

खांबाने त्याच्याकडे नीट पाहिलं. आत खाट कुरकुरली. आई जागी होती, ऐकत होती. त्याने आवाज कमी केला नाही.

“बाई तेव्हाही मिळाली असती,” तो म्हणाला. “तुम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.”