सोबतीला शेरू होता

शेवटची भेट झाली तेव्हा वत्सलावहिनीने मला दवाखान्याच्या खिडकीशी उभं केलं होतं. "कुंदा, मले उठता येत नाई. तू पाह्य आन् सांग, बाहेर काय काय होऊन राहिलं," म्हणाली. मी लग्नानंतर भंडाऱ्याचीच झालेली, तो रस्ता माझ्या रोजच्या पायाखालचा. त्यात सांगण्यासारखं काय असणार? तरी सांगितलं... रसवंतीवाल्याने नवा पडदा लावलाय, एसटीडीची पिवळी पाटी आलीय, एक बाई स्कूटर शिकतेय आणि नवरा मागे धावतोय. "पडली का?" वहिनीने विचारलं. श्वास पुरत नव्हता, पण चौकशा संपत नव्हत्या! त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. महिना होऊन गेला, रडून झालं. पण खरं सांगते, तिची आठवण आली की रडू येण्याआधी हसू येतं.

एकोडी गावच्या बांधांवरून मोकळी हिंडलेली ही मुलगी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तुमसरला आमच्या घरी आली, माझ्या मोठ्या भावाची बायको म्हणून. आमची धान्याची अडत. बाजार घराच्या पाठीला लागून, पण घरातल्या बाईने तिथे पाऊल टाकायचं नाही. भाजी दारावर यायची, लुगड्यांचे गठ्ठे दाखवायला घरी यायचे, बांगड्या भरायला कासारीण यायची. बाहेर जायचंच तर देवळात, तेही सोबत असेल तरच. 'बाईमाणसाने एकटं बाहेर पडायचं नाही' हा माझ्या आईचा कायदा होता आणि त्यापुढे बाबांचंही काही चालत नसे. वहिनी गच्चीवर वाळवण राखता राखता बाजाराचा गलका ऐकायची. मिरच्यांचा भाव कानावर आला की "हा लुटून राहिला लोकाईले!" म्हणून तळमळायची. घरात तिला कसलाच जाच नव्हता, पण बाहेर पडायला मिळत नाही म्हणून ती आतून वाळत चालली होती.

मग शेरू आला. गोदामाच्या राखणीसाठी बाबांनी आणलेलं पिल्लू बघता बघता दांडगं झालं. त्याने पोती फाडली, हमालाचं धोतर फाडलं, गड्यांना तो काही आवरेना. ऐकायचा फक्त वहिनीचं. एका संध्याकाळी ती त्याला साखळी लावून अंगणात फिरवत होती, फाटक उघडं राहिलं आणि शेरूने जी धूम ठोकली... मागे साखळीला वहिनी! एका हाताने डोक्यावरचा पदर सावरत ती भर बाजारातून गेली. मी शाळेतून येत होते, माझ्या डोळ्यांदेखत गेली. लोकांनी भराभर वाट मोकळी करून दिली. परत आली ती मात्र सावकाश, ऐटीत, हातात सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, टवटवीत जुडी. आई ओसरीत उभीच होती.

"कोटी गेलती वो?"

"शेरूले फिरवाले."

"एकटी?"

"एकटी कायची? शेरू होता नं सोबत!"

आत बाबा खोकल्याचं निमित्त करून हसले. सोबत माणसाचीच पाहिजे, असं आईने कधी म्हटलंच नव्हतं.

मग काय विचारता! रोज पाच वाजले की वहिनी आणि शेरू निघाले. आज पोस्टात, उद्या शिंप्याकडे, परवा पिठाच्या गिरणीवर. शेजारच्या बायका आधी कुजबुजल्या, मग "वहिनी, येताना आमचा रवा आणजो" म्हणू लागल्या. गावही त्या वर्षांत रोज नवं होत होतं. कुठे सिमेंटचा रस्ता, कुठे नवी राइस मिल, कुठे बेलबॉटम काढलेली शिंप्याची पाटी. पुढे पहिली अँटेना लागली तेव्हा तिच्याखाली ही दोघंही मान वर करून उभी! घरी आली की चहाबरोबर वहिनी सगळं नकला करून सांगायची. "मले काय करायचं त्याच्याशी?" म्हणत आई तांदूळ निवडायची, पण वहिनी थांबली की तिचा हातही थांबायचा.

शेरू म्हातारा होऊन गेला, तेव्हा मी पोळ्याला माहेरी आले होते. वहिनीने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. आणि मग पाच वाजले तरी ती ओसरीतच बसून राहू लागली. कायदा कायदाच, आता सोबत कुणाची? चहा गावच्या बातम्यांशिवायच प्यायला जाई. चौथ्या-पाचव्या संध्याकाळी आईने तांदळाचं सूप बाजूला सारलं. "चाल वो, उठ. मी येतो सोबत."

आम्ही बघतच राहिलो! लग्न होऊन आल्यापासून आईने तुमसरचा बाजार पायी पाहिला नव्हता. तिच्या चपला सापडेनात, तर भावाच्या घालून निघाली, फटफट वाजवत. मीही मागे धावले. चौकात येऊन ती थबकली आणि म्हणाली, "बापा! एवढं मोठं गाव कवा झालं?" मग तिने वांग्यांवरून अशी घासाघीस केली की वहिनी तोंडाला पदर लावून हसत सुटली. त्या दिवसापासून पाच वाजता सासू-सून निघायच्या. वहिनीने अंथरूण धरलं तोवर बाबाही गेले होते; मग आई एकटीच जायची आणि गावच्या बातम्या तिच्या उशाशी आणून ओतायची.

तेरवीनंतर मी तुमसरलाच थांबले होते. दुसऱ्या दिवशी पाच वाजता आईने पिशवी घेतली. डोळ्यांना नीट दिसत नाही, गुडघे दुखतात. मी म्हटलं, "आई, भाजी आहे घरात. आज कशाला जातेस?"

"भाजीसाठी कोण जाते?" चपला घालता घालता ती म्हणाली. "आता मायंही वय झालं. वर भेटली का पयले हेच विचारेल ते, गावात काय काय नवं झालं म्हणून. काय सांगू मी तिले?"

आणि फाटक उघडून ती बाजाराच्या दिशेने निघालीसुद्धा.