समोरची टीम

वर्ल्डकप सुरू झाला की कोराडीला जाणाऱ्या आमच्या स्टाफ बसमध्ये नागपूरच्या सदर भागापासून वीजकेंद्राच्या गेटपर्यंत एकच वाद चालायचा, आज कोण जिंकणार. मी पिच, टॉस, बॉलर सगळं वाचून मत द्यायचो आणि नेमकी तीच टीम हरायची. असं चारदा झाल्यावर शेजारच्या सीटवरचा सहकारी म्हणाला, “भाऊ, आज सेमीफायनल आहे. आपल्या टीमचं नाव घेऊ नका. समोरची टीम जिंकते म्हणा.”

मी चिडलो. टर्बाइन चालवणारी शिकलेली माणसं असं बोलतात म्हणजे हद्द झाली. भारत जिंकणार याची मला खात्री होती आणि मी तसं सांगणारच होतो. पण बस गेटवर थांबली तरी कोणी उतरेना. हजेरीची वेळ टळायला लागली, तेव्हा मी म्हणालो, “बरं, समोरची टीम जिंकते.”

आपण हरलो. दुसऱ्या दिवशी तो सहकारी माझ्या शेजारी बसलाच नाही, मागे जाऊन बसला. गेटवर उतरताना मात्र माझ्याजवळ थांबला.

“तोंडानं समोरच्याचं नाव घेतलं तुम्ही,” तो म्हणाला, “पण मनातून आपल्यालेच जितवून राहिले होते.”