चीफसाहेब आणि गाडो-गाडो

चीफसाहेब कुठल्याही खाणावळीत शिरले की बसायला जागा शोधत नसत. ते सरळ काउंटरच्या कडेला जाऊन उभे राहत, हात पाठीमागे बांधत, डोळे मिटत आणि लांब श्वास घेत. मागे रांग खोळंबली तरी त्यांना त्याची फिकीर नसे. मग डोळे उघडून निकाल जाहीर होई. "बसा, इथं जेवायला हरकत नाही." किंवा नुसतीच मान हलवून ते बाहेर पडत आणि आम्ही चार-पाच नोकरदार माणसं मुकाट्यानं त्यांच्या मागोमाग निघत असू.

जहाजांवर चीफ इंजिनिअर म्हणून त्यांची तीस वर्षं गेली होती. त्यातली बरीचशी सुराबाया, बलिकपापान अशा इंडोनेशियातल्या बंदरांच्या फेऱ्यांत. निवृत्त झाल्यावर, पत्नी गेल्यानंतर, ते सिंगापुरात पासिर रिसला मुलीकडे राहायला आले. मूळचे रत्नागिरीचे. नाव विचारलं तर "चीफ म्हणा, मलाही तेच लक्षात राहतं," असं सांगायचे. आपल्या नाकाचा त्यांना भारी अभिमान होता. "इंजिनरूममध्ये बिघाड आधी नाकाला कळतो, मग कानाला आणि सगळ्यात शेवटी मीटरच्या काट्याला," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून निदान पन्नास वेळा ऐकलं असेल.

सिंगापुरात नवीन आलेलं आपलं माणूस पहिले काही महिने ऑफिस ते फ्लॅट आणि फ्लॅट ते लिटिल इंडिया एवढंच फिरतं. मी आणि माझा नवरा तोआ पायोहला राहायला आलो तेव्हा आम्हीही तेच केलं. इथल्या मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात चीफसाहेबांनी मला विचारलं, "काय खाल्लंस गं इथं आल्यापासून?" मी म्हटलं, "डोसा." त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी जणू कुणाचा तरी अपमान केला होता. "डोसा खायला पाच-सहा तास विमानात बसलीस? शनिवारी अकरा वाजता पाया लेबार स्टेशनवर ये."

त्या शनिवारपासून माझं शिक्षण सुरू झालं. गेलांग सेराईच्या बाजारात वरच्या मजल्यावर केळीची भजी कुणाकडची खायची, कांपोंग ग्लाममधल्या नासी पडांगच्या, म्हणजे भात आणि झणझणीत कालवणांच्या, दुकानात काचेमागच्या वीस-पंचवीस भांड्यांपैकी कशाकडे बोट दाखवायचं, तळाशी गाळ असलेली इंडोनेशियन कॉफी कशी प्यायची, हे सगळं त्यांनी शिकवलं. "गाळ बसेपर्यंत बोलायचं आणि मग प्यायची. घाईच्या माणसानं चहा घ्यावा." पाया लेबारजवळच्या एका जुन्या मॉलमध्ये घरकाम करणाऱ्या इंडोनेशियन बायका रविवारी सुट्टीच्या जमतात, तिथे ते आवर्जून नेत. म्हणायचे, "या पोरी आठवड्यातून एकदा आपल्या गावचं जेवतात. इथं पाहुण्यांसाठी कुणी तिखट कमी करत नाही. तेव्हा यांच्या पंगतीला बसायचं."

स्वतः ते सगळं खात, पण शाकाहारी माणसाच्या बाबतीत कमालीचे कडक. तिथल्या पुष्कळ चटण्यांत तेरासी घालतात. तेरासी म्हणजे बारीक कोळंबी आंबवून, वाळवून केलेली वडी. दिसत नाही आणि नखाएवढी पुरते. "भाजी दिसली म्हणून शाकाहारी समजू नका," ते बजावत. "सुक्या जवळ्याचा वास रत्नागिरीच्या माणसाला फसवू शकत नाही. मी आहे ना." ते होते, म्हणून मंडळातली निम्मी शाकाहारी घरं बिनधास्त बाहेर जेवू लागली.

आणि मग माझी आई आली. पुण्याची निवृत्त शिक्षिका, जन्मात अंडंसुद्धा न खाल्लेली. तीन महिन्यांच्या मुक्कामासाठी तिनं बॅगेत भाजणी, मेतकूट आणि स्वतःचं फुलपात्र आणलं होतं. बाहेर पाण्याशिवाय काही घेणार नाही, असं तिनं विमानतळावरच सांगून टाकलं. चीफसाहेबांनी तिला आधी एक हिरवी गोळी खायला घातली. तांदळाच्या पिठाची, आत वितळलेला गूळ आणि बाहेर ओलं खोबरं. आईनं ती चघळली आणि म्हणाली, "यांनी मोदक उलटा केलाय." चीफसाहेब इतके खूश झाले की त्यांनी आणखी सहा मागवल्या. मार्तबाक नावाच्या जाड गोड धिरड्यापाशी मात्र ते तिला थांबूही देईनात, कारण त्यात अंडं असतं.

मग गेलांग सेराईतल्या एका गाडीवर तिला गाडो-गाडो मिळाला. उकडलेल्या भाज्या, टोफू, टेम्पे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या आणि वरून शेंगदाण्याची दाट चटणी. चीफसाहेब गाडीपाशी उभे राहिले, डोळे मिटले, श्वास घेतला आणि म्हणाले, "स्वच्छ. फक्त अंडं नको आणि कोळंबीचे पापड नकोत, एवढं सांगतो." आईनं बशी पुसून खाल्ली. सलग तीन शनिवार खाल्ली. घरी येऊन माझ्या नवऱ्याला चटणीची कृती अंदाजानं सांगू लागली. वडील गेल्यापासून आईला मी असं चवीनं जेवताना पाहिलं नव्हतं.

चौथ्या शनिवारी आम्ही जरा लवकर पोचलो. आई टेबलापाशी बसली आणि मी चमचे आणायला गाडीपाशी गेले. गाडीवरच्या बाई, त्यांना सगळे इबू म्हणत, दगडी खलात शेंगदाणे वाटत होत्या. बाजूला कागदात तपकिरी वडी होती आणि तिचा वास नाकात असा घुसला की मी एक पाऊल मागे सरले. चीफसाहेब माझ्या शेजारीच डोळे मिटून उभे होते. त्यांनी लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "स्वच्छ."

मी नुसतंच त्या वडीकडे बोट दाखवलं. त्यांनी डोळे उघडून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ते इबूंशी त्यांच्या भाषेत बोलले. मग मला हळूच म्हणाले, "तेरासीच आहे. पहिल्या दिवसापासून घालतायत. म्हणाल्या, मला विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"आईला नका सांगू," मी म्हटलं. "आजपासून खायचं नाही, निमित्त मी काढीन काहीतरी. झालेलं कळून तिला त्रासच होईल ना?"

"तुझी आई माझ्या भरवशावर जेवली, मंजिरी."

"म्हणूनच म्हणते. इतके दिवस तुम्हाला वास कसा आला नाही, हेही सांगावं लागेल."

"ते तर आधी सांगायला हवं," एवढं बोलून ते टेबलाकडे गेले. मी मागे धावले, पण ते आईसमोर उभे राहून बोलूही लागले होते. "ताई, तुम्ही खाल्लीत त्या चटणीत कोळंबी होती. तिन्ही वेळा. त्या बाईंची चूक नाही, माझी आहे. दीड वर्षापूर्वी मला ताप आला होता, तेव्हापासून मला वास येत नाही. कुणाला सांगितलं नाही. लोक विचारायला येत होते ते बरं वाटायचं."

आई उठली आणि फुलपात्र घेऊन चालू लागली. घरी आल्यावर तिनं डोक्यावरून आंघोळ केली आणि दुसऱ्या दिवशी निर्जळी उपास धरला. मला वाटलं, आता ही परतीचं तिकीट मागणार. मी तिला समजवायला गेले आणि बोलता बोलता म्हणून बसले, "मी त्यांना सांगू नका म्हणत होते, पण ऐकलं नाही त्यांनी." आईनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ती तोंड फिरवून झोपली आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

चीफसाहेबांनी त्याच दिवशी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं. गेल्या दीड वर्षात मी शाकाहारी म्हणून दाखवलेल्या सगळ्या जागा कृपया पुन्हा विचारून घ्या, माझं नाक गेलं आहे, मला माफ करा. काहींनी फोन करून त्यांना चार शब्द सुनावले. बाकीच्यांनी फोन करणंच सोडलं, ते जास्त लागलं असणार. शनिवारच्या फेऱ्या थांबल्या. मुलगी सांगायची, बाबा दिवसभर खोलीत बसून असतात.

तिसऱ्या आठवड्यात आईनं भाजणीची थालीपीठं लावली, डब्यात भरली आणि मला म्हणाली, "पासिर रिसला कसं जायचं ते दाखव." चीफसाहेबांनी दार उघडलं आणि आईला पाहून ते दारातच उभे राहिले. आईनंच त्यांना आत नेऊन बसवलं.

"मी एक दिवस उपास केला, माझ्यापुरतं संपलं," ती म्हणाली. "तुम्ही किती दिवस करणार आहात?"

चीफसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "ताई, माझा काही उपयोग राहिला नाही आता."

"तुम्हाला त्यांची भाषा येते, मला वास येतो. तुम्ही विचारा, मी हुंगते. उठा, कपडे बदला."

त्या दिवशी इबूंनी नवा कोरा खल काढला. शेंगदाणे, मिरची, लसूण, ताडाचा गूळ, चिंच. चीफसाहेब एकेक पदार्थाचं नाव विचारून आईला सांगत होते आणि आई खलात नाक घालून वास घेत होती. शेवटी ती म्हणाली, "सगळं ठीक आहे, मीठ कमी आहे." ते भाषांतर करायचं चीफसाहेबांनी टाळलं, पण इबूंना ते चेहऱ्यावरून कळलं आणि त्यांनी चिमूटभर मीठ टाकलं. उरलेले पाच शनिवार ही जोडी अख्ख्या गेलांग सेराईभर हिंडली. मी पिशव्या धरायला असायचे.

आई पुण्याला परत गेली. त्यानंतर चीफसाहेबांकडे पुन्हा लोक येऊ लागले. थोडे, पण येऊ लागले. प्रत्येकाला ते पहिल्यांदा हेच सांगत, "मला वास येत नाही, मी विचारून घेणार आहे, वेळ लागेल." मला ते पूर्वीही आवडायचे, पण त्यांच्याविषयी खरा आदर मला तेव्हापासून वाटू लागला.

मागच्या वर्षी ते झोपेतच गेले. मी आईला फोन केला. सकाळची वेळ होती, मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. ती उठून गॅस बंद करून आली आणि म्हणाली, आज मी जेवणार नाही. मी म्हटलं, "अगं, ते कुठे आपल्या नात्यातले होते?"

"मला आयुष्यभर सगळ्यांनी सांभाळून घेतलं," आई म्हणाली. "तुझ्या बाबांनी, दादानं, डॉक्टरांनीसुद्धा. तोंडावर खरं सांगितलं ते या एका माणसानं."

त्या सांभाळून घेणाऱ्यांत मीही होते हे तिला ठाऊक होतं, तरी तिनं माझं नाव घेतलं नाही.