आईच्या धन्यांचे राखणदार

माझ्या हाताला यश आहे, हे मी लग्नाआधीपासून सांगत आले आणि अजूनही मागे घेत नाही. फक्त एकदा तो हात घरात बसून राहिला, म्हणून पीक वाचलं.

मंद्रूपला सासरी आले तेव्हा आईने दिलेले धने पदराच्या गाठीत होते. बारीक, हिरवट, चोळले की घरभर वास. पहिल्याच उन्हाळ्यात आई गेली. माहेरी ते बी राखणारं कुणी उरलं नाही. म्हणून मी शाळूच्या कडेला दोन ओळी मागून घेतल्या आणि होतं नव्हतं ते सगळं बी पेरलं.

सासूबाई म्हणाल्या, "थोडं मागं ठिवायचं की गं."

मी कशाला ऐकते?

पौषात आभाळ भरून राहिलं आणि फुलावर आलेल्या कोथिंबिरीवर मावा पडला. शेंडे चिकट झाले. पहाटे दवात चुलीची राख उधळली, तरी हटेना. मग मला अळ्या दिसल्या. काळ्या, काटेरी, पाठीवर नारिंगी ठिपके, जणू चिमुकल्या सुसरी. एवढं वाईट तोंड म्हणजे चोर ह्याच, असं मी ठरवून टाकलं. एकेक वेचून चिरडली. दिवस मावळेपर्यंत एक ओळ साफ झाली. दुसरी उद्या करणार, तर सकाळी मी बाजूला बसले. त्या चार दिवसांत बाईने फुलावरच्या पिकात पाऊल टाकायचं नाही, अशी आमच्या घरची शिस्त. मी परसात बसून चरफडत होते आणि मनातल्या मनात सासूबाईंना नाही नाही ते बोलत होते.

पाचव्या दिवशी न्हाऊन थेट शेतात गेले. मी साफ केलेली ओळ माव्याने काळवंडली होती, फुलं गळून गेली होती. न वेचलेली ओळ हिरवीगार उभी. वाकून पाहिलं, तर एक अळी मावा मटामटा खात होती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. लाज वाटली, आणि आई आठवून रडू आलं.

डोळे पुसून मी चांगल्या ओळीतल्या थोड्या अळ्या सुपात घेतल्या आणि काळ्या ओळीवर सोडू लागले. सासूबाई बांधावर आल्या.

"किडं सोडायलीस पिकावर? येड लागलंय व्हय?"

मी सगळं सांगितलं, चिरडल्याचंही.

"म्हंजे चार दिस बसलीस म्हणून वाचलं म्हण की," त्या म्हणाल्या. मी सूप झटकून उरलेल्या अळ्या सोडल्या.

पहिली ओळ शेवटी गेलीच. दुसरीचे धने आम्ही फाल्गुनात बडवून पाखडले. पहिली ओंजळ सासूबाईंनी उचलली आणि स्वतःच्या पदराला गाठ मारली.

"हे माज्यापाशी ऱ्हाऊ दे. तुज्या आयचं बी हाय. तुजा हात चांगला हाय, पर लई घाईचा."