अवसराने धरलेलं मनगट

आमचे हे, हरिश्चंद्र, बोटीवर होते. जपानच्या एका बंदरात आयकिडो ही स्वसंरक्षणाची विद्या शिकले आणि निवृत्त झाल्यावर गावी वर्ग काढून पोरापोरींना शिकवू लागले. आधी नीट पडायला शिकवत. मग सांगत, अंगावर धावून आलेल्याचा जोर वळवायचा, त्याला मारायचं नाही, उलट त्यालाही लागणार नाही हे आपणच बघायचं. मी म्हणायची, "मगे मासेवालीशी सुरमईवरून कित्याक भांडतास?"

आमच्या गावात दसऱ्याला शिवाभावजींच्या अंगात देवाचा अवसर येतो. एरवी काजूच्या बागेत राबणारा साधा माणूस. अवसर आला की घुमत धावत येतात आणि एकेका घरच्या कर्त्या माणसाचं मनगट घट्ट धरतात. देवाने वर्षभर सांभाळायचा शब्द दिला, असं आम्ही मानतो. जन्म बोटीवर गेलेल्या ह्यांना इतक्या वर्षांनी यंदा तो दसरा मिळाला होता.

गर्दीत हे पाठमोरे उभे होते. मागून मनगट धरलं गेलं आणि ह्यांचा हात आपसूक वळला. भावजी देवळाच्या पायरीवर आपटले, हात मोडला. ढोल थांबले. कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. शरमेने माझी मान वर होईना.

दुसऱ्या दिवसापासून वर्गाला कुलूप. "देवान अभय देऊक हात धरलो, आणि माका तो मारूक इलेलो वाटलो. मी काय कपाळ शिकवतलंय?" भावजींकडे जाऊन या म्हटलं, तर "खंय तोंड दाखवू?" मग मात्र मी चिडले. "हाड तेंचा मोडला, आणि कवतिक तुमच्या लाजेचा?" तरी उठले नाहीत.

शेवटी भावजीच आले, मोडका हात गळ्यात अडकवून. हे उठून उभे राहिले, नजर जमिनीवर.

"हरी, पोरांका पयला पडूक शिकवतंस मां? माका पण शिकव. फुडच्या दसऱ्याक परत तुझोच हात धरूचो आसा."

"आणि हात परत वळलो तर?"

धडक्या हाताने भावजींनी ह्यांचं मनगट धरलं, देवळात धरलं होतं तसंच घट्ट. ह्या खेपेला ह्यांचा हात वळला नाही. मग हे मटकन खाली बसले आणि रडू लागले. भावजीही बाजूला बसले. मनगट त्यांनी सोडलं नाही.