अक्काने काढून ठेवलेलं बीट

लातूरहून निर्मलाक्काच्या भावाचा फोन आला तेव्हा मी उदगीरच्या आमच्या दुकानात एका टॉर्चची सुटलेली तार जोडत होते. "अक्का गेली," एवढंच तो बोलला. मी जोड पुरा केला, सोल्डरिंग आयर्नचं बटण बंद केलं आणि मग शटर ओढलं. अर्धवट जोड तिला चालला नसता.

अक्का माझ्या नात्यातली नव्हे, दुकानातली भागीदार. दुरुस्तीचं काम मी तिच्याकडेच शिकले. सुरुवातीलाच माझ्या आयर्नचं बीट, म्हणजे पुढचं तांब्याचं टोक, नळीत घट्ट बसलं. मी पक्कड लावून पिळायला लागले तशी ती म्हणाली, "ज्योते, दात उपटायलीस का ग? आतली कॉईल तुटंल." तुटलीच. तापून तापून तांब्यावर काळी खपली धरते, ती नळीत साचते आणि बीट निघता निघत नाही. म्हणून दर शनिवारी, आयर्न पार गार झालं की अक्का स्क्रू सैल करून बीट बाहेर काढायची, पुसायची, नळी उलटी करून काळा भुगा झटकायची आणि बीट परत बसवायची. शनिवारी लोक मारुतीला जातात, तू आयर्नची पूजा करतेस, असं मी चिडवायचे. "मारुती अडकत न्हाई, बीट अडकतंय," ती म्हणायची. दिवाळीत किंवा घरच्या लग्नात दुकान बरेच दिवस बंद राहणार असलं, तरच बीट परत न बसवता फडक्यात गुंडाळून आयर्नशेजारी ठेवायची.

लातूरच्या दवाखान्यात जायच्या सकाळी ती दुकानात डोकावली. जोशीण काकूंचा मिक्सर आलाय, मी सांगितलं. "राहू दे, डॉक्टरला दाखवून येते. सोमवारी हाय की मी," म्हणाली. खणात काहीतरी आवरलं आणि गेली... आवाजात काही फरक नव्हता.

सगळं उरकल्यावर मी दुकान उघडलं, मिक्सर जोडायला तिचं आयर्न घ्यावं म्हणून तिचा खण ओढला. आत रिकामं आयर्न. शेजारी फडक्यात बीट, पुसलेलं, टोक काळं पडू नये म्हणून त्यावर सोल्डरचा चकचकीत थर. सोमवारी येणारं माणूस बीट काढून ठेवत नाही.

अक्काचा भाऊ दुकानात आला, म्हणाला, आयर्न तिच्या फोटोपाशी ठेवू या. मी नको म्हटलं. बीट नळीत घातलं, अलगद सरकलं. स्क्रू कसला आणि काकूंचा मिक्सर त्याच आयर्नने जोडून दिला. आता शनिवारी मी दोन्ही आयर्न झटकते.